सर्वसमावेशक कारखाना: खर्च तर दिसतो, फायदा कुठे दिसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत मशीनिंग आणि असेंब्लीचं युनिट. माणसं १४०. त्यातली पन्नासएक पर्मनंट, बाकी ठेकेदाराकडची आणि ट्रेनी. बायका नऊ. मोठ्या ग्राहक कंपनीने सगळ्या पुरवठादारांना प्रश्नावली पाठवली आहे. तिच्यात समान संधी, दिव्यांगांसाठी सोयी, महिलांचं प्रमाण, तक्रार निवारण असे रकाने आहेत. मालकांचं म्हणणं: "मोठ्यांना हे परवडतं. आमच्यासारख्याला यातून धंद्याच्या दृष्टीने खरंच काही मिळतं का, की नुसते कागद रंगवायचे?"

उत्तर लांबेल. मी १९९७ मध्ये याच पट्ट्यात कामाला लागले तेव्हा आमच्या खात्याला ‘पर्सनल’ म्हणायचे. मग ते ‘एचआर’ झालं, आता आणखी काहीबाही म्हणतात. दारावरच्या पाट्या बदलल्या, पण सेकंड शिफ्टच्या चहाला कोण कोणाशेजारी बसतं ते फारसं बदललेलं नाही. माझं बरंचसं उत्तर त्या चहाभोवतीच फिरणार आहे.

आधी एक गोष्ट बाजूला सारते. उद्या एखादा सल्लागार येईल आणि ‘विविधता असलेल्या कंपन्या जास्त नफा कमावतात’ असा रंगीत तक्ता दाखवेल. त्याचं मूळ बहुतेक वेळा मॅकिन्झी या सल्लागार कंपनीच्या २०१५ च्या आणि त्यापुढच्या अहवालांत असतं. वरच्या व्यवस्थापनात विविधता असलेल्या कंपन्यांचे आर्थिक निकाल चांगले असण्याची शक्यता जास्त, असं त्यांत म्हटलं होतं. २०२४ मध्ये जेरेमाया ग्रीन आणि जॉन हँड या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी वांशिक विविधतेबद्दलचा तोच दावा अमेरिकेच्या एस अँड पी ५०० यादीतल्या मोठ्या कंपन्यांवर तपासून पाहिला. तसा संबंध त्यांना सापडला नाही. आणि सापडला असता तरी विविधतेमुळे नफा झाला की नफ्यातल्या कंपनीला हे सगळं करायला सवड मिळाली, हा प्रश्न उरतोच. मी स्वतः तो तक्ता काही वर्षं दाखवलेला आहे. आता दाखवत नाही. १४० माणसांच्या शॉपला, म्हणजे छोट्या कारखान्याला, त्याचा उपयोगही नाही.

मला जास्त उपयोगी वाटलेलं काम वेगळं आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या लिसा निशी यांनी २०१३ मध्ये एका मोठ्या जैववैद्यकीय कंपनीतल्या १०० विभागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्री-पुरुष मिसळून काम करतात तिथे कुरबुरी वाढतात, असं आधीच्या बऱ्याच संशोधनात दिसलं होतं. निशींना दिसलं ते असं की विभागाचं वातावरण समावेशक असेल तर त्या कुरबुरी कमी होतात आणि मतभेद झाले तरी ते माणसांच्या समाधानाला तसे खात नाहीत. वातावरण कसं मोजायचं, तर तीन गोष्टींवरून. नियम सगळ्यांना सारखे लागतात का? माणसाला आहे तसं वावरता येतं का? निर्णय घेताना त्याचं मत विचारात घेतात का?

तुमच्या शॉपच्या भाषेत सांगायचं तर ओव्हरटाइम आणि रजा सुपरवायझरच्या भावकीला आधी मिळतात का? बीडचा किंवा बालासोरचा पोरगा आपल्या बोलीत बोलला की लोक त्याची नक्कल करतात का? नवं फिक्स्चर, म्हणजे पार्ट जागेवर धरून ठेवणारा साचा, आणताना त्यावर रोज आठ तास उभं राहणाऱ्याला कोणी काही विचारलं का? तिन्हींची उत्तरं वाईट असतील आणि तुम्ही प्रश्नावलीपायी आणखी दहा बायका भरल्यात, तर तुमचा तोटाच होईल. सहा महिन्यांत त्यातल्या आठ गेलेल्या असतील आणि तुम्ही म्हणाल, ‘बघा, मॅडम, बायका टिकत नाहीत.’

आता धंद्याच्या फायद्याकडे येते. माझ्या अनुभवात मोठा फायदा एकच आहे: वाईट बातमी लवकर कळते. बाकीचे फायदे त्याच्या मागून येतात.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. चाकण भागातला कारखाना, नाव नको. ब्रॅकेटची लाइन. एका संध्याकाळी ग्राहकाचा फोन आला, पार्टचं भोक बसत नाही, आमची लाइन थांबली आहे. मग ते सगळं झालं जे तुम्हाला मी सांगायला नको. रात्रभर पाच माणसं त्यांच्याकडे सॉर्टिंगला, चांगला माल वेगळ्या टेम्पोने तातडीने रवाना, वरून डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, आणि आठवडाभर क्वालिटीवाल्याचा चेहरा पाहवत नव्हता. तपासात निघालं की फिक्स्चरची लोकेटिंग पिन झिजली होती. अहवालात लिहिलं: मूळ कारण पिनची झीज, उपाय म्हणून मेंटेनन्सच्या चेकलिस्टमध्ये मुद्दा वाढवला. फाइल बंद.

पंधरा दिवसांनी वेगळ्याच कामासाठी ठेकेदाराच्या मुलांशी बोलत होते. ट्रॉलीत माल लावणारा एक मुलगा सहज म्हणाला, "ते पार्ट तीन दिवस आधीपासनंच ढिले बसत व्हते." मी विचारलं, सांगितलं का नाहीस? "मागच्या टायमाला एक सांगितलं तर सर म्हणले, तुला पार्ट उचलायला ठेवलंय, इंजिनिअरगिरी करायला नाय."

पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत आपण सगळे लावतो आणि पिनपाशी येऊन थांबतो. त्या मुलाला कोणी एकदाही ‘का’ विचारलं नव्हतं. तीन दिवसांच्या मालाची किंमत तुम्ही माझ्यापेक्षा चांगली काढाल. मला एवढंच दाखवायचं आहे की ती किंमत कुठल्याच हिशेबात ‘वातावरण’ या नावाने लिहिली जात नाही. ती रिजेक्शनमध्ये जाते, वाहतुकीत जाते, ग्राहकाच्या डेबिटमध्ये जाते. म्हणून खर्च दिसतो आणि फायदा दिसत नाही.

टोयोटाकडून आपण अंडॉन घेतलं. गडबड दिसली की कोणीही दोरी ओढायची, लाइन थांबवायची. पुण्यातल्या कितीतरी शॉपमध्ये ती दोरी किंवा ते बटण आहे. पण ते दाबणाऱ्याला ‘टार्गेट तुझा बाप पूर्ण करणार का’ असं ऐकावं लागत असेल तर ते बटण ऑडिटच्या दिवशी पुसून ठेवायची वस्तू होते. आणि दाबायला सगळ्यात जास्त घाबरतो कोण? ज्याचं त्या जागेवर वजन सगळ्यात कमी. ठेकेदाराचा माणूस, नवी मुलगी, हिंदीही धड न येणारा ओडिशाचा हेल्पर. गंमत अशी की मालाला हात याच लोकांचा सगळ्यात जास्त लागतो.

याबद्दल एक जुना आणि पक्का अभ्यास आहे. संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत परिचारिकांच्या गटांकडून औषधं देताना होणाऱ्या चुका मोजल्या. अपेक्षा अशी की चांगल्या गटांत चुका कमी निघतील. निघाल्या जास्त. कारण चांगल्या गटांत लोक चुका उघड सांगत होते आणि वाईट गटांत त्या झाकल्या जात होत्या. पुढे १९९९ च्या त्यांच्या निबंधातून मानसिक सुरक्षितता, म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तरी अंगाशी येणार नाही हा भरवसा, ही कल्पना व्यवस्थापनाच्या अभ्यासात रुजली. तुमच्यासाठी यातलं व्यवहाराचं एवढंच: तुम्ही खरंच वातावरण सुधारायला घेतलंत तर पहिले तीन-चार महिने आकडे बिघडतील. ‘थोडक्यात वाचलो’ प्रकारच्या अपघातांच्या नोंदी वाढतील, लाइनवरचं रिजेक्शन वाढलेलं दिसेल, तक्रारी येतील. बरेच मालक इथेच घाबरतात आणि म्हणतात, डोक्यावर बसवून ठेवलं सगळ्यांना. थांबा. त्याच काळात ग्राहकाकडून परत येणारा माल बघा. आत पकडलेलं वाढलं आणि बाहेर गेलेलं घटलं, तर गाडी योग्य रस्त्यावर आहे.

दुसरा फायदा माणूस टिकण्याचा. इथे आकडेमोड करून बघू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुमचे स्वतःचे घाला. समजा ठेकेदाराकडची आणि ट्रेनी धरून महिन्याला सहा माणसं सोडून जातात. वर्षाला ७२. नवा माणूस आला की बूट, युनिफॉर्म, मेडिकल, पहिले पंधरा दिवस अर्धं उत्पादन, त्याला शिकवण्यात सेटरचे, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याचे, गेलेले तास, त्याच्या हातून बिघडलेले पार्ट. हे सगळं माणशी बारा हजार धरलं तर वर्षाला आठ लाख चौसष्ट हजार. त्यातली एक तृतीयांश गळती थांबली तर दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार वाचले. यात ग्राहकाकडे गेलेला खराब माल धरलेलाच नाही. छोट्या शॉपमध्ये हा हिशेब कोणी करत नाही, कारण ठेकेदार दुसरा माणूस पाठवतो आणि बिल तेवढंच येतं.

माणसं का जातात हे मात्र राजीनाम्याच्या फॉर्मवरून कळणार नाही. ‘घरगुती कारण’ हे दोन शब्द मी हजारदा वाचले असतील. कोणी भांडून जात नाही, कारण फुल अँड फायनल अडकायची भीती असते. माझी पद्धत सोपी आहे. सगळा हिशेब चुकता झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी फोन करायचा. "आता पैसे मिळालेत, आता खरं सांग." तेव्हा कळतं. ओव्हरटाइम फक्त एका गावच्या पोरांना मिळायचा. सुपरवायझर आडनाव विचारून वागणूक ठरवायचा. जेवायला बसलं की दोघे उठून पलीकडे जायचे. मुलींच्या बाबतीत बस, स्वच्छतागृह आणि एका विशिष्ट माणसाची भाषा, ही तीन कारणं पुन्हा पुन्हा.

ओव्हरटाइमचं उदाहरण घ्या, कारण ते फुकटात सुटतं. एका युनिटमध्ये आम्ही एवढंच केलं की आठवड्याचा ओव्हरटाइम कोणाला किती मिळाला याची यादी टाइम ऑफिसच्या बाहेर लावायला लागलो. भाषण नाही, धोरण नाही. दोन महिन्यांत वाटप आपोआप सरळ झालं. सुपरवायझर माझ्याशी काही दिवस बोलत नव्हते, तो भाग वेगळा. सोमवारची गैरहजेरी कमी झाली, कारण रविवारी कोणाला बोलवायचं ते आता एकाच्या मर्जीवर राहिलं नव्हतं.

जातीबद्दल आपण या विषयात बोलत नाही. परदेशातून आलेल्या प्रशिक्षणाच्या साहित्यात ती नसते म्हणून आपणही वगळतो. पण आपल्या शॉप फ्लोअरवर ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाचा रोख कुठे असतो ते सगळ्यांना माहीत आहे. १८ जुलै २०१२ ला मारुतीच्या मानेसर कारखान्यात जे झालं ते आमच्या व्यवसायातला कोणी विसरलेला नाही. एका वरिष्ठ एचआर अधिकाऱ्याचा जीव गेला, कारखाना महिनाभर बंद राहिला. ठिणगी पडली ती एक कामगार आणि एक पर्यवेक्षक यांच्या वादातून. जातिवाचक शिवी दिली गेली, असं संघटना म्हणाली. व्यवस्थापनाने सगळा दोष कामगारांवर ठेवला. पगार आणि कंत्राटी कामगारांचे प्रश्न आधीपासून धुमसत होतेच. तुमच्याकडे असं होईल असं मी म्हणत नाही. धुमसणं वेळेत कानावर येण्याचा रस्ता तुमच्याकडे आहे का, एवढंच विचारते.

पर्मनंट आणि ठेकेदाराचा माणूस हा फरक आपल्याकडच्या कारखान्यांत स्त्री-पुरुष फरकापेक्षाही मोठा आहे, असं माझं मत आहे. युनिफॉर्मचा रंग वेगळा, कॅन्टीनची वेळ वेगळी, दिवाळीला मिठाईचा बॉक्स वेगळ्या वजनाचा. मालकांना विचारलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं: "सारखं वागवलं तर उद्या कोर्टात म्हणतील आम्ही तुमचेच कामगार." ही भीती अगदीच खोटी नाही. पण पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, विश्रांतीची जागा, प्रथमोपचार या सोयी ठेकेदाराने दिल्या नाहीत तर मूळ मालकाने द्यायच्या, असं १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच ठरलेलं होतं. वाद होतो तो काम कोण नेमून देतं, देखरेख आणि शिस्त कोणाची, यावर. एका टेबलावर चहा प्यायल्याने कोणी पर्मनंट झालेला मी पाहिला नाही. तरी तुमच्या वकिलाला एकदा विचारून घ्या.

सुट्ट्यांचं बघा. बहुतेक युनिटमध्ये सुट्ट्यांची यादी कोण करतं? ऑफिसमधली चार माणसं, स्वतःचे सण डोळ्यांपुढे ठेवून. मग दिवाळी संपवून लाइन सुरू करायची आणि त्याच आठवड्यात बिहारकडची निम्मी पोरं गायब. छठ दिवाळीच्या अमावास्येनंतर सहाव्या दिवशी असते, दरवर्षी असते, पंचांगात छापलेली असते. तरी दरवर्षी प्लॅनिंगवाला कपाळाला हात लावतो. ईद, १४ एप्रिल, ६ डिसेंबर, आषाढीला वारीत निघालेले, गौरी-गणपतीला कोकणात जाणारे, सगळ्यांचं तेच. एका कारखान्यात आम्ही डिसेंबरमध्ये प्रत्येकाकडून पुढच्या वर्षीच्या ‘काहीही झालं तरी जाणार’ अशा तीन तारखा लिहून घेतल्या. ठेकेदाराच्या माणसांकडूनही. सुट्ट्या वाढवल्या नाहीत, रजा अदलाबदलीची सोय केली. छठला जाणाऱ्यांच्या जागी दिवाळीत जास्त दिवस हवे नसलेले लोक आले. माणसांना आपल्याला विचारलं याचं अप्रूप वाटलं, आणि प्लॅनिंगवाल्याला चार महिने आधी कळलं की कुठल्या आठवड्यात किती हात असतील. त्याच्या दृष्टीने हा शुद्ध उत्पादनाचा फायदा होता.

तुमच्या नऊ बायकांकडे येते. १९९७ च्या माझ्या पहिल्या कारखान्यात पॅकिंगला सहा जणी होत्या. बायकांचं स्वच्छतागृह ऑफिसच्या इमारतीत, म्हणजे दोन शॉप ओलांडून आणि वर जिना. प्रत्येक वेळी सुपरवायझरला सांगून जायचं आणि येताना सगळ्या मशीनवरच्या नजरा झेलायच्या. उपाय म्हणून त्या पाणीच प्यायच्या नाहीत. एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला एखादी चक्कर येऊन पडायची, मग ‘बायका नाजूक’ म्हणून चर्चा. लाइनजवळ एक स्वच्छतागृह बांधून घ्यायला मला सव्वा वर्ष लागलं. नंतर चक्कर येणं जवळपास थांबलं, आणि ज्या व्यवस्थापकाने ‘सहा जणींसाठी एवढा खर्च?’ म्हणून फाइल अडवली होती त्यानेच पुढच्या वर्षी आणखी चौदा जणी मागितल्या. ८ मार्चला गुलाबाचं फूल देणाऱ्या कारखान्यांत मी अजूनही आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघते.

बाळंतपणाच्या रजेची भीतीही बोलून टाकू, कारण मुलाखतीत ‘लग्न कधी?’ हा प्रश्न त्या भीतीतूनच येतो. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. पण जी महिला ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) येते, म्हणजे २०१७ पासूनच्या मर्यादेनुसार जिचं मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि अटीपुरती वर्गणी भरलेली आहे, तिला त्या काळाचे पैसे ईएसआय देतं, तुम्ही नाही. तुमच्या असेंब्लीतल्या बहुतेक जणी त्यात येत असतील. किती छोट्या मालकांना हे माहीत नसतं ते बघून मला दर वेळी आश्चर्य वाटतं. पाळणाघराचं मात्र लक्षात ठेवा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ते लागू आहे. स्वतःचं परवडत नसेल तर शेजारच्या दोन-तीन युनिटसोबत मिळून करता येतं का ते बघा.

दिव्यांगांबद्दल थोडंच सांगते. ‘बहिऱ्यांचं लक्ष विचलित होत नाही, म्हणून ते इन्स्पेक्शनला उत्तम’ असं सांगणाऱ्यांपासून जरा सावध राहा. इतर कोणाहीसारखे त्यांच्यातले काही उत्तम निघतात, काही नाही. मुंबईत २००९ मध्ये सुरू झालेल्या मिरॅकल कुरिअर्सने सगळी डिलिव्हरी ऐकू न येणाऱ्या माणसांकडून करून दाखवली. त्यात कोणाच्या अंगी चमत्कारी एकाग्रता असण्याचा भाग नव्हता. काम त्यांच्यासाठी नीट लावलं होतं. माझा स्वतःचा अनुभव असा: एका शॉपमध्ये ऐकू न येणारे दोन ऑपरेटर घेतले तेव्हा सुरक्षा अधिकाऱ्याने हरकत घेतली की फोर्कलिफ्टचा भोंगा त्यांना ऐकू येणार नाही. म्हणून फोर्कलिफ्टला पुढे जमिनीवर पडणारा निळा दिवा लावला. मग लक्षात आलं की प्रेस शॉपमधले सगळेच कानात इअरप्लग घालून असतात, भोंगा तसा कोणालाच नीट ऐकू येत नव्हता. दोघांसाठी केलेली सोय साठ जणांना लागली. बाकी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण करून जाहीर करायला सांगितलेलं आहे. प्रश्नावलीत तो रकाना त्यामुळेच आहे.

भरती केली म्हणजे झालं, या समजाचं सगळ्यात बोलकं उदाहरण कोचीचं. २०१७ मध्ये कोची मेट्रोने तृतीयपंथी व्यक्तींना नोकऱ्या दिल्या, देशभर कौतुक झालं. पण काही जणींनी अगदी थोड्या दिवसांत काम सोडलं. शहरात त्यांना कोणी खोली भाड्याने देईना, लॉजमध्ये राहण्यात पगार संपत होता. तुमच्याच शहरात पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल (स्वच्छतेच्या नियमांवर लक्ष ठेवणारे) म्हणून कामावर घेतलं, म्हणजे हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. पण यातून तुमच्या ट्रेनी पोरांबद्दलही शिकण्यासारखं आहे. कॉट बेसिसवर एका खोलीत आठ जण राहणाऱ्या मुलाची खोली सुटली की नोकरीही सुटते. दोन घरमालकांशी तुमच्या माणसाने बोलून ठेवलं तर खर्च शून्य.

अवघड भाग सुपरवायझरचा. वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव, मशीनचा आवाज ऐकून दोष सांगणारा, आणि तोंडात शिवी असल्याशिवाय वाक्य न संपणारा माणूस प्रत्येक शॉपमध्ये असतो. त्याला एक दिवसाच्या वर्कशॉपला पाठवून काही होत नाही. तो तिथलं जेवून येतो. त्याला अपमानित करूनही काही होत नाही, कारण शॉप त्याच्यावर चालतं. मला उपयोग झाला तो त्याच्याच भाषेचा, म्हणजे आकड्यांचा. प्रत्येक लाइनचे तीन आकडे दर महिन्याला त्याच्यापुढे ठेवायचे: किती माणसं सोडून गेली, गैरहजेरी किती, आणि त्याच्या लाइनवरून किती सूचना आणि अडचणी वर आल्या. तिसरा आकडा शून्य असला तर शाबासकी द्यायची नाही, उलट विचारायचं. एक जण मला म्हणाला होता, "मॅडम, माझ्या लाइनला काही प्रॉब्लेमच नाही." त्याच महिन्यात त्याच्या लाइनची चार माणसं गेली होती. तो कागद त्याने बराच वेळ बघितला. वर्षभराने तो संत झाला वगैरे नाही, पण रोज सकाळी पाच मिनिटं ‘काल काय अडलं?’ विचारायला लागला आणि उत्तर फळ्यावर लिहायला लागला. त्या फळ्याने कुलूपबंद सजेशन बॉक्सपेक्षा जास्त काम केलं. सजेशन बॉक्समधून मला आजवर कॅन्टीनच्या डाळीबद्दलच्या चिठ्ठ्याच जास्त मिळाल्या आहेत. लिहिता न येणाऱ्यांसाठी व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायची सोय ठेवा. हिंदीत, बंगालीत, ज्यात जमेल त्यात.

तोटे लपवत नाही. बैठका लांबतात. सारख्याच गावची, सारख्याच ओळखीची टोळी सुरुवातीला भराभर काम उरकते, मिश्र गटाला बसायला वेळ लागतो. पर्मनंट लोकांना वाटतं आपलं काहीतरी काढून घेतलं जातंय, आणि युनियन असेल तर तिच्याशी आधी बोलावं लागतं. खोटी तक्रारही एखादी येते. आणि तुमचं उत्पादन अगदी साधं असेल, माणसाच्या डोळ्याला, डोक्याला त्यात काही काम नसेल, तर वाईट बातमी लवकर कळण्याचा फायदाही तेवढाच लहान राहील. मशीनिंग-असेंब्लीत तसं नसतं.

आता प्रश्नावली. ग्राहक कंपनी हे हौसेने विचारत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा, अहवाल सक्तीचा केला. त्यात स्त्री-पुरुषांचं प्रमाण, गळती, दिव्यांग कर्मचारी, लैंगिक छळाच्या तक्रारी हे सगळं द्यावं लागतं, आणि त्या ओघात मोठ्या कंपन्या पुरवठादारांनाही विचारायला लागल्या आहेत. प्रश्न पुढच्या वर्षी वाढतील. म्हणून खोटं भरू नका. एकदा भरलेला आकडा पुढच्या ऑडिटला समोर येतो. जे नाही तिथे ‘सध्या नाही, अमुक महिन्यापर्यंत करू’ असं लिहिलेलं चालतं, आणि नुसत्या ‘होय’पेक्षा ते वाचणाऱ्याला जास्त खरं वाटतं.

एक रकाना मात्र रिकामा ठेवता येणार नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच, नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरून. ठेकेदाराच्या आणि ट्रेनी मुलीही तिच्याकडे तक्रार करू शकतात, हे नोटिशीत मराठी आणि हिंदीत स्पष्ट लिहा. अध्यक्ष म्हणून मालकांच्या घरातल्या बाईंचं नाव घालायची आपल्याकडे पद्धत आहे. ते टाळा, त्यांच्याकडे कोणी जाणार नाही. आणि समितीवर कोण हवं हे ठरवण्याआधी त्या नऊ जणींना एकेकटीला विचारा, तुमच्या केबिनमध्ये बोलावून नव्हे, आणि सुपरवायझर समोर असताना तर नाहीच. नऊपैकी पाच-सहा जणी बहुधा एकच नाव सांगतील. ती इन्स्पेक्शनला असेल, पॅकिंगला असेल, तुम्हाला कदाचित तिचं पूर्ण नावही माहीत नसेल. पत्र काढताना तिचं नाव सदस्यांत पहिलं घाला.